मोटार वाइंडिंगचं दुकान, बीड जिल्हा: पाचपैकी चार तारे

आपल्याकडं सबमर्सिबल जळाली की दराची चौकशी नंतर होते, आधी ‘कुणाकडं टाकायची?’ मोंढ्याजवळच्या या दुकानाचं नाव त्यात निघतंच, कारण इथं मोटार गिऱ्हाइकासमोर खोलतात.

समोर खोलल्यावर थाप मारायला जागा उरत नाही. मोटारीच्या तीन फेजच्या कॉइल स्टार नाहीतर डेल्टा पद्धतीनं जोडतात. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी शाबूत, म्हणजे एक फेज गेलेला असताना मोटार चालली. दोष डीपीच्या फ्यूजचा नाहीतर स्टार्टरच्या झिजलेल्या काँटॅक्टचा. (डेल्टा असेल तर उलट, एकच फेज जळतो.) तिन्ही सारख्या जळाल्या तर व्होल्टेज कमी होतं किंवा गाळानं पंप जाम झाला. एकाच जागी काळा डाग आणि बाकी सगळं स्वच्छ असलं, तर बहुतेक वेळा वाइंडिंगच कच्चं. तसं निघालं की इथला मिस्त्री ‘मालक, चूक आमची हाय’ म्हणतो आणि सहा महिन्यांच्या बोलीत फुकट भरून देतो. लाइटीवर ढकलून मोकळं व्हायची सोय असताना, बरं का.

जुनी तार तोलून दाखवतात, भंगाराचे पैसे बिलातून वजा. गेज (तारेची जाडी) मायक्रोमीटरनं मोजून तोच घालतात, वेढेही तेवढेच. तार पातळ पडली की मोटार तापते. वेढे कमी केले की रिकामी चालतानाही अँपिअर जास्त ओढते. फारच स्वस्तात कुणी भरून देत असेल तर तारेवर ब्लेड घासून पाहा. पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम, त्याची वाहकता तांब्याच्या 61 टक्के. भरलेली मोटार रात्रभर पाण्यात ठेवून 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासतात. रिले (जादा करंट ओढला की मोटार बंद करणारा) मोटारीवरच्या पट्टीत लिहिलेल्या अँपिअरच्या वर लावून मागणाऱ्याला सरळ ‘नाही’ म्हणतात. त्यापायी गिऱ्हाईक तुटलं तरी.

एक तारा कापला तो कागदासाठी. हमी सगळी तोंडी, मग सहा महिने कधीपासून धरायचे यावरून हुज्जत. रब्बीत ‘परवा देतो’ म्हणजे आठ दिवस धरा; हरभऱ्याच्या पाण्याची पाळी तेवढी थांबत नाही. बोअरात सोडण्याआधी मोटारीत स्वच्छ पाणी भरायचं, हेही सांगत नाहीत. कोरडी सोडली तर बुश आणि थ्रस्ट बेअरिंग जातात.

मोटार नेताना पावतीवर तारीख, गेज आणि वेढे लिहून मागा. मागितलं तर देतात.