ऑगस्टीन की बोएथियस: आधी कोणतं उघडावं?

सुख म्हणजे काय आणि जगात वाईट येतं कुठून, याचा सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांनी कसा छडा लावला हे वाचायचं म्हटलं की दोन पुस्तकं समोर येतात. ऑगस्टीनचं ‘कन्फेशन्स’ आणि बोएथियसचं ‘कन्सोलेशन ऑफ फिलॉसॉफी’. दोन्ही एकदम हातात घेतली तर दोन्ही अर्धवट राहतात, निदान माझी राहिली. नंतर आईच्या आजारपणात रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ती पुरी केली. माझं मत त्या बाकावरून आलेलं आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

वाइटाबद्दल दोघांत फारसं भांडण नाही. वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याची उणीव आहे, हे दोघांनाही मान्य. ऑगस्टीन तरुणपणी नऊ वर्षं मानी पंथात होता. तिथे प्रकाश आणि अंधार ही दोन वेगळी, एकमेकांशी झुंजणारी तत्त्वं. त्या पकडीतून सुटायला त्याला हा विचार उपयोगी पडला. पुढे दुसऱ्या एका ग्रंथात त्यानं रोगाचा दाखला दिलाय: रोग बरा होतो तेव्हा तो उठून दुसरीकडे राहायला जात नाही, नुसता नाहीसा होतो. वॉर्डाबाहेर बसणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. बोएथियस याच विचारातून पुढे जातो. सुख सगळ्यांनाच हवं असतं आणि दुष्टाला नेमकं तेच साधत नाही, म्हणून दुष्ट माणूस बलवान नव्हे, दुबळा. पायांचं काम हातांवर भागवू पाहणाऱ्यासारखा.

स्वतःच्या मनात उतरून वाईट शोधावं ते मात्र ऑगस्टीननंच. सोळाव्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर रात्री नाशपातीचं झाड झोडपलं. भूक नव्हती, त्याच्याकडे याहून चांगली फळं होती, आणि चोरलेली बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग केलं कशाला? या एका प्रश्नावर तो पानांमागून पानं थांबतो, आणि आपणही थांबतो. शिवाय अख्खं पुस्तक देवाला उद्देशून आहे. अभंग ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ते सलगीचं बोलणं परकं वाटणार नाही.

मी अडलो तो नवव्या भागात. साल 387, रोमजवळचं ओस्तिया बंदर. आई मोनिका तापानं जाते, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. ऑगस्टीन तिचे डोळे मिटतो आणि आपले अश्रू मागे ढकलतो. त्याचा मुलगा आदेओदातुस हंबरडा फोडतो, तर सगळे मिळून त्या पोराला गप्प करतात. स्नानानं दुःख हलकं होतं असं ऐकलेलं, म्हणून ऑगस्टीन स्नान करून येतो. दुःख तसंच. शेवटी अंथरुणावर पडल्यावर रडू फुटतं आणि लगेच तो वाचकाला सांगतो: तासाच्या छोट्याशा भागापुरताच रडलो, मला हसू नका, उलट माझ्या पापांसाठी देवापुढे रडा.

आई गेली त्या सकाळी मलाही चार जणांनी मायेनंच गप्प केलं होतं. त्यामुळे असेल, पण इतक्या मोठ्या माणसानं आईसाठी रडल्याचा हिशोब द्यावा, हे मला सोसलं नाही. ऑगस्टीनचा तरुणपणी मित्र गेला तेव्हाचंही तसंच. मरणाऱ्या माणसावर तो मरणारच नाही अशा थाटात प्रेम केलं, हीच चूक. त्याच्या शिकवणीत हे बसतं, कारण सुख एका देवातच आहे. पण प्रत्येक दुःखात आधी आपलाच दोष चाचपायचा, याचा मला फार शीण आला.

बोएथियसची गोष्ट उलटी सुरू होते. 510 साली तो रोमचा कॉन्सल, म्हणजे तिथल्या सर्वांत मानाच्या पदावर, 522 साली त्याची दोन्ही मुलं एकाच वेळी कॉन्सल. लगेच इटलीवर राज्य करणाऱ्या थिओडोरिक राजाच्या राज्यात राजद्रोहाचा आरोप, कैद, आणि 524 च्या सुमारास देहदंड. कैदेत लिहिलेल्या या पुस्तकात तत्त्वज्ञान बाईच्या रूपात येतं आणि त्याच्या खाटेच्या कडेला बसतं. ती लाड करत नाही, रडगाणं सांगणाऱ्या काव्यदेवतांना आधी हाकलून लावते. पण मग आपल्या वस्त्राची घडी करून त्याचे डोळे पुसते. वैद्याचा गुण यायला हवा तर जखम उघडी कर, म्हणते. तो मनसोक्त गाऱ्हाणं मांडतो, ती ऐकून घेते. आधी सौम्य औषध, जालीम मागाहून. त्यानंतरच ती संपत्ती, मानमरातब, सत्ता, कीर्ती आणि भोग एकेक हातात घेऊन दाखवते की हे सुखाचे तुटलेले तुकडे आहेत, अखंड सुख म्हणजे देवच.

तिचं सगळंच मला पचलेलं नाही. शिक्षा न झालेला दुष्ट शिक्षा भोगलेल्यापेक्षा जास्त दुःखी, हे चौथ्या भागातलं म्हणणं मी अजून नुसतं वाचतो. आणि पुस्तकात ख्रिस्ताचं नाव कुठेच नाही. पाप, कृपा, क्षमा यांसाठी तुम्ही ख्रिस्ती विचाराकडे वळत असाल तर बोएथियस तुम्हाला कोरडा वाटेल, तुम्ही ऑगस्टीनच घ्या. पण घरात कुणी आजारी असेल, काही हातचं गेलं असेल, तर मी बोएथियस पुढे करीन. पहिले तीन भाग सावकाश वाचा, मधल्या कविता गाळू नका. पाचवा भाग देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर माणूस मोकळा कसा, यावर आहे आणि तो जड जातो. तो घाईत संपवू नका, झोप पुरी झालेल्या एखाद्या सकाळसाठी ठेवा.