ओ-पेअर, जर्मन सेवावर्ष की ऑस्ट्रेलियन वर्किंग हॉलिडे?

वर्षभर परदेशात राहायचं तर हे तीन रस्ते आहेत: ओ-पेअर म्हणजे जर्मन कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणं, सेवावर्ष म्हणजे सामाजिक संस्थेत हातखर्चावर काम, आणि वर्किंग हॉलिडे म्हणजे फिरता फिरता कमावण्याचा व्हिसा. आधी वय आणि शिक्षण यांचं गणित उरकून घ्या, निम्मा निर्णय तिथेच होतो. नुकत्याच बारावी झालेल्यांना ऑस्ट्रेलियाचं दार बंद आहे. तिथला ४६२ क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण मागतो. ब्रिटनच्या अशाच यंग प्रोफेशनल्स स्कीमला (तिथे राहून काम करण्याच्या व्हिसाला) तर पदवीच लागते. जर्मनीतले दोन्ही पर्याय मात्र अठरा पूर्ण झाली की खुले होतात. ओ-पेअरसाठी अर्ज करताना वय २७ च्या आत हवं. सेवावर्षाचे दोन प्रकार आहेत: एफएसजेला (स्वैच्छिक सामाजिक वर्षाला) २७ चीच मर्यादा, तर २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाल्यावर सुरू झालेल्या बीएफडीला (केंद्र सरकारच्या स्वयंसेवा योजनेला) वरची वयोमर्यादाच नाही. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन, दोन्हींकडे १८ ते ३०.

आता पैसा. ऑस्ट्रेलियाला निघताना खात्यात सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या आसपास रुपये दाखवावे लागतात, शिवाय परतीच्या तिकिटाची सोय. व्हिसाचं शुल्क वेगळं, आरोग्य विमा वेगळा. भारतीयांना तिथल्या मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचा, आधार नाही. पण कमाईही तिथेच. जुलै २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. जर्मनीत कमाई विसराच. ओ-पेअरला यजमान कुटुंब महिन्याला २८० युरो हातखर्च देतं, भाषेच्या वर्गासाठी ७० युरोंपर्यंत वेगळे, आणि राहणं, जेवण, विमा त्यांच्याकडे. विमानाचं तिकीट बहुधा आपल्याच खिशातून. सेवावर्षात हातखर्च संस्थेगणिक बदलतो. कायद्याने त्याला कमाल मर्यादा आहे, २०२५ मध्ये ती महिना ६४४ युरो होती; प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून बरंच कमी मिळतं. आरोग्य विमा आणि पेन्शनचा हप्ता संस्था भरते. इथे एकच प्रश्न आधी विचारा: खोली देता का? म्युनिक किंवा स्टुटगार्टमध्ये खोली स्वतः भाड्याने घ्यायची झाली तर हातखर्चात भागणार नाही, आणि व्हिसाच्या वेळी उरलेले पैसे कुठून आणणार हेही दाखवावं लागेल.

पण पैशांवरून निवड करणाऱ्यांना मी थांबवेन. खरा फरक आहे तो तुमचा दिवस कोण ठरवतं, यात.

ओ-पेअरचा दिवस कुटुंब ठरवतं. नियम स्पष्ट आहे: आठवड्याला ३० तास, दिवसाला फार तर ६, आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा, स्वतंत्र खोली. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात तुम्ही कामाच्या जागीच राहता, त्यामुळे ‘जरा अर्धा तास बाळाकडे बघ’ कधी दोन तास होतात ते कळत नाही. कुटुंब चांगलं मिळालं तर याच्याइतकी झटपट भाषा दुसरीकडे कुठे येणार नाही. तीन वर्षांचं पोर तुमच्या चुका बिनदिक्कत सुधारतं. नाही मिळालं तर कुटुंब बदलता येतं, पण परक्या देशात तेही दमवणारं प्रकरण. घरकामाची मुळीच सवय नसलेल्यांनी आणि लहान मुलांत न रमणाऱ्यांनी केवळ ‘ए-वन (जर्मनची पहिली पातळी) पास झालं की पुरे’ म्हणून हा मार्ग धरू नये.

सेवावर्षाचा दिवस संस्था ठरवते: वृद्धाश्रम, रुग्णालय, अपंगांची कार्यशाळा, बालवाडी. पहाटेची पाळी असते, आजोबांना आंघोळ घालायला मदत करणं असतं, आणि बोलीभाषेत पुटपुटणाऱ्या आजीचं ऐकून घेणं असतं. काम जड आहे, त्यातून पळवाट नाही. पण पाळी संपली की दार बंद करून तुम्ही तुमचे. शिवाय पूर्ण वर्षासाठी २५ दिवस शिबिरं असतात, तिथे त्याच वयाचे जर्मन सेवक भेटतात. परदेशात मैत्री जुळायला एवढं पुरतं. हे वर्ष बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं आणि संस्था सहसा बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची जर्मन मागतात. म्हणजे पुण्यात मॅक्स म्यूलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तयारी वर्षभर आधी सुरू करायला हवी. व्हिसा नाकारला गेला तरी ती जर्मन तुमच्याजवळ राहते. म्हणूनच या तिघांत माझा कौल सेवावर्षाला.

ऑस्ट्रेलियात दिवस तुमचा तुम्हीच ठरवता. एकाच मालकाकडे साधारण सहा महिने, मग पुढे. डार्विन-कॅथरीनकडे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत आंबा उतरवायचा हंगाम असतो; रत्नागिरी-देवगडच्या मुलांना चाळीस अंशांच्या आसपास तापलेलं ते ऊन फार नवं वाटू नये. अशा ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचं काम तीन महिने केलं की दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो. मोकळेपणा हवा असेल तर याला तोड नाही. अडचण एकच: भारताला वर्षाला फक्त १,००० जागा, आणि त्याही सोडतीने. २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी हजारोंनी नावं दिली. सोडतीचे २५ डॉलर भरून नाव जरूर टाका, पण त्या भरवशावर हातची नोकरी किंवा एमएचा प्रवेश सोडू नका. ब्रिटनची सोडत फुकट आहे, जागा ३,००० आणि मुदत दोन वर्षांची. पण २,५३० पौंडांची शिल्लक आणि वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार पाहता ती नोकरी शोधणाऱ्याची योजना आहे, भटकणाऱ्याची नव्हे.

एजंटबद्दल थोडक्यात: ओ-पेअरचं कुटुंब ऑनलाइन स्वतः शोधता येतं, सेवावर्षाचा अर्ज थेट संस्थेकडे करता येतो. ‘जागा पक्की’ म्हणून लाखभर मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर या.

बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी परतीचाही हिशोब आहे. एमएचटी-सीईटीचा निकाल त्याच वर्षापुरता चालतो, परत आल्यावर ती पुन्हा द्यावी लागेल. जेईई अ‍ॅडव्हान्सच्या संधीही मोजक्याच. प्रवेशाच्या वेळी कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतं, त्याला संस्थेचा करार आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र जोडलं की काम सोपं होतं. सेवावर्षात हे प्रमाणपत्र मिळतंच. ओ-पेअरने ते परत निघायच्या आधी कुटुंबाकडून लिहून घ्यावं.