पेटीला वास नव्हता

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सारसबागेकडून स्वारगेटला जाणाऱ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एका टेम्पोतून आम्ही देवगड हापूसचे तीन बॉक्स घेतले. दोन दोन डझनांचे, तीन हजार रुपयांना. बॉक्सवर देवगड छापलेलं होतं, आत देवगडचं काही नव्हतं. पैसे माझे असते तर कदाचित मी गप्प बसले असते. पण ते माझ्या बालमैत्रिणीचे होते आणि तिनं ते माझ्या शब्दावर दिले होते. म्हणून हे सगळं, जसं घडलं तसं लिहिते आहे.

आम्ही दोघी लातूर जिल्ह्यातल्या एकाच गावच्या, एकाच गल्लीतल्या. मी लग्न होऊन पुण्याला आले त्याला आता एकतीस वर्षं झाली. ती गावाजवळच दिली गेली, शिवणकाम करून तिनं दोन मुलं शिकवली. एवढ्या वर्षांत ती पुण्याला दोनदा आली आणि दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. सासऱ्यांचं ऑपरेशन, मग नवऱ्याचं. पुणे म्हणजे तिच्यासाठी वॉर्डाच्या बाहेरचा बाकडा आणि स्टेशन, एवढंच. फेब्रुवारीत मुलीचं लग्न झालं आणि ती पहिल्यांदा म्हणाली, "आता चार दिस येते गं तुझ्याकडं. मला पुणं दाखव."

मी तिला पुणं दाखवलं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून सकाळी सातला निघायचं, अकराला सावलीत शिरायचं आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडायचं, असा आमचा नेम होता. कोथरूडहून मेट्रोनं सिव्हिल कोर्टला जायचं, तिथून खाली भुयारात उतरून मंडईची गाडी धरायची. सरकत्या जिन्यावर पहिल्या दिवशी तिनं माझा हात घट्ट धरला होता, दुसऱ्या दिवशी माझ्या आधी चढून उभी राहिली. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा. १८२८ च्या आगीत वाडा जळून गेला आणि आता उरली आहेत ती तटबंदी, दरवाजे आणि जोती, हे ऐकून ती त्या जोत्यांवरून खूप वेळ एकटीच फिरत राहिली. तुळशीबागेत तिनं मुलीसाठी मंगळागौरीला लागतील म्हणून पितळी वाट्या घेतल्या. भर दुपारी पाताळेश्वरच्या लेण्यात बसलो, तिथला दगड त्या उन्हातही गार होता.

सगळ्यात जास्त ती रमली राजा दिनकर केळकर संग्रहालयात. अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, शेवयांचे पाट. "हे तर आपल्या आजीकडं होतं की," असं ती प्रत्येक कपाटासमोर म्हणत होती. काका केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीत त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या या वस्तू सरकारच्या हवाली केल्या, हे मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं एका दिव्यासमोर हात जोडले. तीन दिवसांत मला माझं शहर पुन्हा एकदा दिसलं. त्या आनंदात मी होते, आणि त्या आनंदात माणूस कसा गाफील होतो तेही मला आता कळतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पर्वती चढलो. एकशेतीन पायऱ्या. वर वारा होता, खाली दिवे लागत होते. उतरताना ती म्हणाली की विहीणबाईंना पहिल्या वर्षीचा आंबा द्यायचा आहे, आणि तो हापूसच द्यायचा. गावाकडे केशर मिळतो, गावरान तर घरचाच. पण मुलीच्या सासरी हापूस न्यावा, तोही पुण्याहून, हे तिनं मनात धरलं होतं. त्यासाठी शिलाईचे पैसे वेगळे बांधून आणले होते. रात्री पुणे स्टेशनवरून लातूरची गाडी होती. मार्केट यार्डात जायला वेळ उरला नव्हता. मी म्हणाले, वाटेत मिळेल.

वाटेत मिळाला. टेम्पोवर फलक होता, "शेतकरी ते ग्राहक, थेट देवगड". बॉक्स रचलेले, त्यांवर बागेचा फोटो छापलेला. विकणारा पंचविशीतला मुलगा, नम्र, बोलण्यात कोकणी हेल. "ताई, आमचीच बाग आहे. हंगाम संपला, हा शेवटचा माल. सातशे रुपये डझन चालू आहे, मला परत गावी जायचंय, पाचशेनं घ्या."

त्यानं एक आंबा कापून फोड दिली. ती फोड खरोखर उत्तम होती. केशरी गर, रेषा नाही, वास बोटांना राहिला. पण तो आंबा त्यानं ड्रायव्हरच्या सीटजवळच्या टोपलीतून काढला होता, बॉक्समधून नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि तरी माझ्या मनात काही आलं नाही. मग त्यानं एक बॉक्स उघडून वरचा थर दाखवला. मोठे, सारखे, पिवळेधमक आंबे, खाली सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्राचा कागद. तो कागद बघून तर माझी खात्रीच पटली.

मैत्रिणीनं वाकून बॉक्सला नाक लावलं. म्हणाली, "अगं, वासच येईना गं याला. आपल्या अढीत नुसता हात घातला तरी घर दरवळतं."

मी तिला काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये वास कोंडतो. मी दर वर्षी घेते, मला माहीत आहे." ती गप्प झाली. गावरान आंब्याची अढी लावण्यात आणि पाडाचा आंबा ओळखण्यात जिचा हात लहानपणापासून बसलेला, त्या बाईला मी पुण्यात राहते एवढ्या बळावर गप्प केलं.

मुलानं बॉक्स बंद केले, चिकटपट्टी मारली, वर सुतळी बांधली. "गाडीत हलतील. आणि घरी जाईपर्यंत उघडू नका, हवा लागली की रात्रीत मऊ पडतील." मी मोबाइल काढला तर म्हणाला, इथे रेंज नाही, रोख द्या. माझ्या मोबाइलला रेंज होती. पावती मागितली नाही. तिनं पदरातली गाठ सोडली आणि सहा नोटा मोजून दिल्या.

घरी येऊन पिठलं-भाकरी खाल्ली. बॉक्स दाराशी होते. उघडून बघायला दीड तास होता आमच्याकडे. उघडू नका म्हणाला होता, म्हणून उघडले नाहीत.

ती पोहोचल्याचा फोन आला. त्यानंतर आठ दिवस आंब्याविषयी एक शब्द नाही. मी विचारलं तर "दिले, दिले" म्हणायची. शेवटी तिच्या मुलीकडून मला कळलं. दोन बॉक्स बांधलेलेच्या बांधलेले विहीणबाईंकडे दिले होते. पाहुणे बसलेले असताना तिथेच उघडले. वरचा थर बरा, पण कापला तर गर फिका पिवळा आणि चवीला पाणचट. खालच्या थरात लहान, कडक आंबे. काहींची साल पिवळी पण आत कोयीजवळ कच्चे, चार काळे पडलेले. आणि मोजले तर प्रत्येक बॉक्समध्ये चोवीसऐवजी एकोणीस, खाली कागदाची जाड गादी घातलेली. विहीणबाई वाईट बोलल्या नाहीत. "असू द्या, प्रवासात होतं असं," एवढंच म्हणाल्या. पण त्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, स्वस्तातला उचलला असेल. माझ्या मैत्रिणीनं चार महिने ब्लाउज शिवून ते पैसे जमवले होते.

तिसरा बॉक्स तिच्या घरी होता. तिनं फोटो पाठवले, तेही मी हट्ट केला म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्या जागी गेले. टेम्पो नव्हता. शेजारी उसाचा रस विकणाऱ्या काकांनी सांगितलं की तो तिथे चारच दिवस होता, त्याआधी कुठे होता त्यांना ठाऊक नाही. मग मी फोटो घेऊन मार्केट यार्डात फळ विभागात गेले. तिथल्या एका वयस्कर आडत्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "कर्नाटक आहे हा. बॉक्स देवगडचा, माल कर्नाटकचा."

त्यानं मला बसवून घेतलं आणि नीट समजावलं. कर्नाटकातूनही हापूसच्या जातीचा आंबा पुण्यात येतो, उघडपणे येतो, कोकणच्या मालापेक्षा बराच कमी भावानं विकला जातो. तो विष नाही, खायला चालतो. कर्नाटक म्हणून विकणारा कुणाला फसवत नाही. फसवणूक होते ती नाव बदलल्यावर. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे मालाचं नाव त्याच्या मूळ प्रदेशाशी बांधणारी सरकारी नोंद, मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. पण छापील रिकामे बॉक्स मिळतात, कोकणातली रद्दी मिळते, आणि रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं.

ओळखायचं कसं, तर त्यानं दोन आंबे माझ्या हातात ठेवले. कोकणच्या पिकलेल्या हापूसची साल पातळ, गर केशरी, आणि रंग सगळीकडे एकसारखा नसतो, कुठे हिरवट छटा राहते. कर्नाटकची साल जाडसर, गर पिवळा, खालचं टोक जरा निमुळतं. फळ सगळीकडून पिवळंधमक आणि तरी कडक असेल, वास नसेल, तर ते झाडावर तयार व्हायच्या आत काढून घाईनं पिकवलेलं असू शकतं. त्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्यानं बंदी आहे. हे सगळं सांगून शेवटी तो म्हणाला, "पण ताई, साल-बिल राहू द्या. नाक लावा. नाकाला फसवता येत नाही." मला तिथे बसवेना.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता, पावती, पैसे दिल्याची नोंद विचारली. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. टेम्पोचा नंबरही टिपला नव्हता. मोबाइलवरून पैसे दिले असते तर निदान कुणाच्या खात्यात गेले ते दिसलं असतं. रेंज नाही हे त्यानं उगीच सांगितलेलं नव्हतं.

तुमच्याकडे उन्हाळ्यात कुणी पाहुणे येणार असतील आणि जाताना त्यांना आंबा न्यायचा असेल, तर तो शेवटच्या संध्याकाळवर ठेवू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. पणन मंडळ पुण्यात दर हंगामात आंबा महोत्सव भरवतं, तिथे कोकणातले उत्पादक स्वतः येतात. देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर वेगळा कोड असलेलं स्टिकर लावायला सुरुवात केली आहे, ते मागा. आणि कुठेही घ्या, खालचा थर त्याच्यासमोर उपसून मोजा, चवीचा आंबा बॉक्सच्या तळातून तुम्ही स्वतः निवडून कापायला लावा. खरा विकणारा यावर रागावत नाही. यार्डातल्या त्या आडत्यानं मी न सांगता पेटी उलटी करून दाखवली होती. "उघडू नका" असं कुणी म्हणालं, तर तिथेच उघडा.

पैसे मी मैत्रिणीला पाठवले, तिनं ते परत पाठवले. मग मी फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "तुझं काय चुकलं त्यात? मलाच वास आला नव्हता, मीच तिथं थांबायला पायजे होतं."

"तू थांबली होतीस," मी म्हणाले. "मी तुला पुढं ढकललं."

बराच वेळ दोघीही बोललो नाही. मग तिनं विचारलं, पुढच्या वर्षी तो महोत्सव कधी लागतो, एप्रिलात का. म्हणाली, तवा येते, आणि पेटी मी हुंगल्याबिगर तू पाकीट काढायचं न्हाई.