तीन शिलिंगचे बँक टोकन की अर्धा क्राउन : ब्रिटिश चांदीचा संग्रह कुठून सुरू करावा

राणी छाप आणि राजा छाप रुपये बऱ्यापैकी जमले की आपल्याकडचे काही संग्राहक इंग्लंडच्या चांदीकडे वळतात, आणि तिथे पहिल्याच पावलाला दोन वाटा फुटतात. एक रॉयल मिंट या तिथल्या सरकारी टांकसाळीच्या नियमित नाण्यांची, तर दुसरी नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात बँक ऑफ इंग्लंडने काढलेल्या टोकनांची. माझा कल टोकनांकडे आहे आणि त्याचे कारण तराजूत सापडते.

१८१२ चे तीन शिलिंगचे टोकन सुमारे १४.७ ग्रॅम भरते. त्यातील चांदीचा कस नव्वद टक्क्यांच्या किंचित खाली असतो. १८१७ चा अर्धा क्राउन १४.१४ ग्रॅमचा, कस ९२.५ टक्के. हिशेब केला तर दोन्हींत शुद्ध चांदी तेरा ग्रॅमच्या आसपासच निघते. तरीही एकाची दर्शनी किंमत तीन शिलिंग आणि दुसऱ्याची अडीच. मधल्या अर्ध्या शिलिंगात युद्धकाळात चढलेला चांदीचा भाव आणि घसरलेला कागदी पौंड दडलेला आहे. ही दोन नाणी शेजारी ठेवली की त्या काळाचे अर्थकारण जेवढे कळते, तेवढे दहा सुंदर शिलिंग ओळीने मांडूनही कळत नाही.

फेब्रुवारी १७९७ मध्ये बँकेने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. सुट्ट्या चांदीची टंचाई भागवण्यासाठी स्पेनच्या राजाचे मस्तक असलेल्या स्पॅनिश डॉलरवर इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जचे इवलेसे मस्तक ठोकून तो ४ शिलिंग ९ पेन्सला चालवण्यात आला. पाच शिलिंगचा एक क्राउन होत असल्याने ‘राजांची डोकी दोन, पण किंमत एका क्राउनचीही नाही’ अशी थट्टा तेव्हा झाली. हा छोटा ठसा खोटा मारणे फारच सोपे होते. तेव्हाही तो मारला गेला आणि नंतर संग्राहकांना फसवण्यासाठीही मारला गेला, त्यामुळे नवख्याने या नाण्याच्या वाटेला जाऊच नये.

१८०४ चा डॉलर मात्र अवश्य पाहावा. मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या सोहो टांकसाळीत स्पॅनिश नाण्यावरच पूर्ण नवी छाप मारली : पुढे जॉर्ज, मागे लंबवर्तुळात बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री) आणि ‘पाच शिलिंग डॉलर’ ही अक्षरे. नाणे भिंगाखाली तिरप्या उजेडात धरले, तर काही नमुन्यांत जुन्या स्पॅनिश अक्षरांचे अवशेष दिसतात, आणि असा नमुना मिळाल्यास थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. (मुंबई इलाख्यासाठी १७९१ मध्ये पाडलेली तराजूची तांब्याची नाणीही याच सोहोची, ती ज्यांच्याकडे आहेत त्यांना हा डॉलर परका वाटणार नाही.)

टोकनांचा दुसरा गुण म्हणजे ही मालिका संपते. १८११ ते १८१६ या काळातली तीन आणि दीड शिलिंगची टोकने वर्ष व छापप्रकार धरून चौदा होतात. त्यांतले १८१६ चे तीन शिलिंग दुर्मीळ आहे, बाकीची संयमाने मिळतात. नियमित नाण्यांना असा शेवट नाही. पण विकायची वेळ आली की त्यांना गिऱ्हाईक लवकर मिळते, हे मान्य केले पाहिजे. आणि १८१८ च्या क्राउनवरील शिल्पकार पिस्त्रुचीने कोरलेल्या सेंट जॉर्जइतके देखणे काही टोकनांत नाही. धातूकडे पाहून घेणाऱ्याने दोन वर्षे ध्यानात ठेवावीत : १९२० पासून कस निम्म्यावर आला आणि १९४७ पासून चलनी नाण्यांतून चांदी गेलीच.

टोकनांच्या खोट्या प्रती त्या काळीच भरपूर निघाल्या होत्या. माझे पहिले तीन शिलिंगही तसलेच निघाले. विक्रेत्याने खात्री दिली होती, मीही न तोलता घेतले. घरी पाहिले तर राजाच्या गालाच्या उंचवट्यावर मुलामा झिजून तांब्याचा लालसरपणा डोकावत होता आणि काट्यावर वजन दोन ग्रॅमने कमी आले. तेव्हापासून खिशात छोटा काटा असतो. नाणे काळवंडलेले असले तरी देवाच्या उपकरण्यांप्रमाणे रांगोळीने किंवा चिंचेने घासू नये. चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत उतरते ती कायमची.

खरेदी कुठे करायची, याचाही विचार आधी व्हावा. भारतात असलेले शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी पुढे तिथल्याच लिलावात विकायचा विचार असेल, तर संग्रह तिथेच ठेवावा. सुट्टीत आई-दादांना दाखवायला म्हणून बॅगेतून आणू नये.