छोट्या डिक्कीसाठी सबवूफर: पोर्टेड डबा, बंद डबा की आठ इंची?

परभणीच्या माझ्या मावसभावाने गाडीसाठी आधी दहा इंची सबवूफर (फक्त जाड, खालचा आवाज म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर) घेतला आणि मग मला फोन केला. "दादा, पोर्टवालाच डबा करायचाय, पण गावाकडून येताना ज्वारीचं पोतं डिक्कीत बसलं पाहिजे." पोर्टवाला म्हणजे पोर्टेड डबा: ज्याला हवा आतबाहेर जायला पाईप असतो. बंद डब्याला तो नसतो. गाडी २०१८ ची स्विफ्ट, डिक्की २६८ लिटरची. त्याच्यासाठी कागदावर जे मांडलं तेच इथे देतोय. छोटी गाडी असलेल्या बहुतेकांची अडचण हीच असते: हौस आहे, पैसे साठवलेत, जागा नाही.

माझं मत आधीच सांगतो. दहा इंची सबवूफरला सगळं वजा जाता चाळीसेक लिटर हवा देता येत असेल तर पोर्टेड करा. येत नसेल तर बंद डबा करा, नाहीतर सबवूफरच लहान घ्या. तीस लिटरच्या डब्याला बळेच भोक पाडून त्यात आखूड पाईप खोचणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

पाईप जागा खातो, ती अशी

नळाखाली घागर भरताना आवाज कसा बदलतो ते आठवा. सुरुवातीला घुमणारा, जाड. पाणी चढत गेलं की बारीक होत जातो. आत हवा कमी उरली की स्वर वर चढतो. पोर्टेड डब्याचं तंत्र हेच. डब्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पाईपमधली हवा वजनासारखी. दोन्ही मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर (सेकंदाला ठरावीक कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात; आकडा जितका लहान तितका सूर जाड) घुमतात. त्यालाच ट्यूनिंग म्हणतात. ट्यूनिंगच्या आसपास कोन (सबवूफरचा पुढचा हलणारा पडदा) जवळजवळ हलत नाही, काम पाईप करतो, म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये साधारण ३ डेसिबल जास्त मिळतात. ३ डेसिबल म्हणजे अ‍ॅम्पची (आवाजाला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची) ताकद दुप्पट केल्यासारखं.

आता घागरीचाच न्याय पुढे लावा. डबा लहान केला की स्वर चढतो. तो परत खाली आणायचा तर पाईप लांब करावा लागतो. जागा कमी म्हणून डबा लहान केला आणि त्याच डब्यात आता पाईप जास्त लांब बसवायचा! सगळी गोची इथे आहे.

गोल पाईपचं सूत्र असं (व्यास आणि लांबी सेंटीमीटरमध्ये, ट्यूनिंग हर्ट्झमध्ये, लिटर म्हणजे डब्यातली हवा):

लांबी = (२३५६२.५ × व्यास × व्यास) ÷ (ट्यूनिंग × ट्यूनिंग × लिटर) − (०.७३२ × व्यास)

प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घेतला तर आतली पोकळी साधारण १०.४ सेंटीमीटर असते. ४० लिटर आणि ३३ हर्ट्झ धरले तर पाईप ५१ सेंटीमीटर येतो. तेच ३३ हर्ट्झ ३० लिटरमध्ये हवे असतील तर ७० सेंटीमीटर. पाईप ५१ सेंटीमीटरचाच ठेवून डबा ३० लिटरचा केला, तर ट्यूनिंग ३८ हर्ट्झवर चढतं. इथवर अजून चालवून घेता येईल. पण ३० लिटर, ७ सेंटीमीटर पोकळीचा पाईप आणि लांबी फक्त १० सेंटीमीटर असं केलं, तर ट्यूनिंग थेट ५० हर्ट्झ. असा डबा एकाच सुरात ढूम ढूम करतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची असते. ५० च्या खाली असा पोर्टेड डबा दर ऑक्टेव्हला (म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की) २४ डेसिबलने घसरतो, म्हणजे ती तार हातची गेलीच.

शिवाय पाईपही जागा घेतोच. ११० मिलिमीटरचा ५१ सेंटीमीटर पाईप डब्यातले जवळजवळ ५ लिटर खातो. सबवूफरचं मॅग्नेट आणि सांगाडा २ लिटर, आतल्या आधारपट्ट्या १ लिटर. म्हणून ४० लिटर हवेत असतील तर सुताराला ४८ लिटरचं माप द्यायचं. ही वजाबाकी बऱ्याच जणांकडून राहून जाते.

तीन डबे, एकच उंची

तुलना सरळ व्हावी म्हणून तिन्ही डब्यांची उंची आणि खोली एकच धरली. उंची ३५ सेंटीमीटर. मागच्या सीटच्या उताराला टेकेल असा तिरपा आकार, खोली तळाशी ३० आणि वर २० सेंटीमीटर. लाकूड १८ मिलिमीटर, सुतार ज्याला पाऊण इंची म्हणतात ते. सगळी मापं बाहेरून.

दहा इंची पोर्टेड, ४० लिटर, ३३ हर्ट्झ: रुंदी ७५ सेंटीमीटर. दहा इंची बंद डबा, २० लिटर: रुंदी ३८. आठ इंची पोर्टेड, २४ लिटर, ३५ हर्ट्झ, ७ सेंटीमीटर पोकळीचा ३४ सेंटीमीटर पाईप: रुंदी ४५.

म्हणजे बंद डब्याला पोर्टेडच्या निम्मीच रुंदी लागते. उरलेल्या निम्म्यात ज्वारीचं पोतं आडवं बसेल की नाही, हे ज्याने त्याने आपल्या डिक्कीत बघावं.

पोर्टेडच्या ७५ सेंटीमीटरमध्ये पाईप तळाशी, सीटच्या बाजूच्या कोपऱ्यात आडवा झोपवायचा. त्याचं आतलं तोंड आणि समोरची फळी यांत निदान पाईपच्या व्यासाएवढी मोकळी जागा लागते. मॅग्नेट पाईपच्या वर येईल अशा बेताने सबवूफरचं भोक थोडं वर घ्या. हे कागदावर बसतं, पण प्रत्येक सबवूफरची खोली वेगळी असते. फळ्या कापण्याआधी पट्टी लावून बघाच.

जागेसाठी बारीक पाईप लावायचा मोह मलाही झाला होता. माझ्या पहिल्या गाडीत बारा इंची सबवूफर, डबा ३२ लिटरचा आणि पाईप ७५ मिलिमीटरचा. ११० च्या पाईपला सुमारे ८५ चौरस सेंटीमीटर तोंड असतं, ७५ च्याला ३८. तेवढीच हवा निम्म्याहून कमी तोंडातून जायची, म्हणून प्रत्येक ठोक्याला फुसफुस ऐकू यायची. शिवाय सबसॉनिक फिल्टर (ठरावीक हर्ट्झखालचे सूर कापणारी सोय) लावलेला नव्हता. ट्यूनिंगच्या खाली पोर्टेड डब्यात कोनला हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो. लातूरहून नांदेडला जाताना वाटेतच कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासायला लागली. तेव्हापासून मी फिल्टर नसलेल्या अ‍ॅम्पवर पोर्टेड डबा जोडत नाही. ३३ हर्ट्झच्या डब्याला फिल्टर २८ हर्ट्झच्या आसपास ठेवा.

बंद डब्याची बाजू

बंद डब्याला लोक उगाच कमी लेखतात. तो दर ऑक्टेव्हला फक्त १२ डेसिबलने उतरतो, आणि छोट्या गाडीत याला वेगळंच महत्त्व येतं. ध्वनिलहर गाडीच्या लांबीपेक्षा बरीच लांब झाली की बंद केबिनमधला दाब खालच्या सुरांना आपोआप वर उचलतो. हॅचबॅकमध्ये ही मदत साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली सुरू होते. म्हणजे डबा जिथे उतरायला लागतो तिथेच गाडी हात देते. मोकळ्या हॉलमध्ये फिका वाटणारा बंद डबा स्विफ्टमध्ये भरलेला वाटतो, तो यामुळे.

त्याची किंमत विजेत मोजावी लागते. पोर्टेडला २५० वॅट पुरत असतील तर तेवढ्याच जोरासाठी इथे ५०० लागतील. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प धरला तरी २५० वॅटला पूर्ण जोरावर २३ अँपिअर आणि ५०० ला ४५ अँपिअर ओढले जातात. वायर जाड घ्या, आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच लावा.

आत तंतू भरले तर बंद डबा आहे त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के मोठा असल्यासारखा वागतो. आपल्याकडे कापूस घरचाच असतो, पण तो भरू नका. गाडीच्या हादऱ्याने त्याचे गोळे होऊन तळाला बसतात. गादीवाल्याकडे मिळणारे पॉलिस्टरचे तंतू घ्या.

भजनातला पखवाज, हलगी, संबळ ऐकणाऱ्याला मी डोळे झाकून बंद डबा सांगेन. हलगीची थाप कडक असते, तिचा बराचसा भाग दरवाजातल्या स्पीकरमधून येतो, आणि थाप संपली की सबवूफरनेही थांबावं लागतं. बंद डबा यात चोख. लांब घुमणारा बेस असलेली डीजेची गाणी हवी असतील तर पोर्टेडची मजा बंद डब्यात येणार नाही, हेही तितकंच खरं.

तुमचा सबवूफर काय म्हणतो

सबवूफरच्या खोक्यातल्या कागदावर एफएस (Fs) आणि क्यूईएस (Qes) हे त्याच्या स्वभावाचे दोन आकडे असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ५० च्या खाली आलं तर बंद डबा, १०० च्या वर गेलं तर पोर्टेड, मधे आलं तर दोन्ही चालतात. मावसभावाचं ७० आलं, म्हणून त्याला खरंच निवड करावी लागली. कंपनीने त्याच कागदावर डब्याचे लिटर दिले असतील तर माझ्या आकड्यांपेक्षा ते धरा.

आठ इंचीचा पर्याय मात्र कुणी विचारातच घेत नाही. त्याच्या कोनचं क्षेत्रफळ दहा इंचीच्या दोन-तृतीयांशाहून थोडं कमी असतं, त्यामुळे गाडीबाहेर थरथराट होणार नाही. पण आत बसलेल्या चौघांना ३५ हर्ट्झपर्यंतचा खरा पोर्टेड बेस मिळतो, तोही बंद दहा इंचीपेक्षा फक्त सात सेंटीमीटर जास्त रुंदीत. गुदमरलेल्या बारा इंचीपेक्षा मोकळा श्वास घेणारा आठ इंची कधीही बरा.

डिक्कीत सीएनजीची एकच मोठी टाकी असेल तर पोर्टेडचा विषय सोडा. टाकीला डबा टेकवू नका, बांधू नका, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. तिथे सीटखाली बसणारा, आतच अ‍ॅम्प असलेला सबवूफर हाच शहाणपणाचा मार्ग. तो खोल जात नाही, पण दरवाजातल्या स्पीकरांचं ओझं हलकं करतो.

लाकडाचं थोडक्यात. एमडीएफला (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीला) आवाज चांगला, पण पाणी लागलं की फुगतं. पाण्याचा ड्रम किंवा ओल्या भाजीच्या जुड्या डिक्कीतून नेणार असाल तर चांगलं प्लाय घ्या. स्टेपनी डिक्कीच्या तळाखाली असते, म्हणून डबा पट्ट्याने असा बांधा की पंक्चरच्या वेळी एकट्याने उचलून बाजूला ठेवता येईल. आपल्या रस्त्यांवर ती वेळ येते.

आणि सुताराकडे जाण्याआधी पुठ्ठ्याचा डबा करा, त्याच मापाचा, आणि आठ दिवस डिक्कीत ठेवून फिरा. मावसभावाने ७५ सेंटीमीटरचा करून ठेवला होता. रविवारी गावाहून परतताना पोतं मागच्या सीटवर लेकरांच्या मधे ठेवावं लागलं. सोमवारी त्याने ब्लेडने पुठ्ठा ३८ वर कापला, दहा इंची आहे तोच ठेवला, आणि मला फक्त एवढंच विचारलं की तंतू किती किलो आणू. अर्धा किलो पुरतं.