जुन्या छायाचित्रांवरून पूर्वजांचा माग : एका सेवेविषयी अभिप्राय

जुन्या कौटुंबिक छायाचित्रांचा काळ आणि ठिकाण ठरवून देणारी ही सेवा मी पणजोबांच्या एका छायाचित्रासाठी घेतली, आणि अहवालातील निष्कर्षाइतकीच त्यामागची कारणमीमांसा मला मोलाची वाटली. तपासाची सुरुवात चेहऱ्यांपासून नव्हे, तर छायाचित्र ज्यावर चिकटवले होते त्या पुठ्ठ्यापासून झाली, हे फार योग्य झाले. १८५४ मध्ये दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने पेटंट घेतलेल्या ‘कार्त द व्हिझित’चा, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छोट्या छायाचित्राचा, पुठ्ठा साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरचा असे, तर १८६० च्या दशकात रूढ झालेले त्याच धर्तीचे पण मोठे ‘कॅबिनेट कार्ड’ सुमारे १०८ बाय १६५ मिलिमीटरचे असे. त्यामुळे नुसती मोजपट्टी लावूनही काळाचा पहिला अंदाज बांधता येतो.

खरे कौशल्य पुढे दिसले. पुठ्ठ्यामागे छापलेला स्टुडिओचा पत्ता व्यापारी डिरेक्टरींच्या (व्यावसायिकांच्या नावा-पत्त्यांच्या सूचींच्या) वर्षवार आवृत्त्यांत शोधून, तो छायाचित्रकार त्या रस्त्यावर कोणत्या वर्षांत व्यवसाय करीत होता, हे तज्ज्ञांनी दाखवून दिले. रस्त्याचे नाव आणि घरांचे क्रमांक मध्यंतरी बदललेले असल्याने त्यांनी जुने नकाशेही ताडून पाहिले. पोशाखावर त्यांनी फारसा भर दिला नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण ठेवणीतले कपडे माणसे वर्षानुवर्षे वापरतात.

व्यक्तींची ओळख पटवणारे प्रकरण मात्र कच्चे आहे. चेहऱ्यातील साम्यावरून सुचवलेली नाती जन्म-विवाहाच्या नोंदींशी पडताळल्याशिवाय वंशावळीत घेऊ नयेत. छायाचित्र पाठवताना मागच्या बाजूचेही स्कॅन अवश्य जोडावे.