४के डेस्कटॉप घेताना विकणाऱ्याच्या डेमोवर जाऊ नका, मला असं फसवलं

मंडळी, कोणी ४के मॉनिटरसकट असेंबल केलेला किंवा सेकंडहँड डेस्कटॉप घेणार असेल तर हे आधी वाचा, कारण ज्याने मला गंडवलं त्याने एकही गोष्ट लपवून केली नाही, सगळं माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर चालवून दाखवलं.

मला व्हिडिओ एडिटिंगसाठी मशीन हवं होतं. विकणारा म्हणाला जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे, ४के एकदम मख्खन चालतं, बघा मॅडम, आणि लगेच व्हिडिओ लावला. फुलावर पडणारे थेंब, मधमाशीचे पंख, सगळं स्लो मोशनमध्ये, मागचं सगळं धूसर. रंग असे की नजर हटू नये. फाइलच्या नावातच ४के लिहिलेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डचं नावही बरोबर दिसत होतं. जाताना एवढंच म्हणाला की ड्रायव्हर अपडेट करू नका, सेटिंग बिघडतं.

घरी आल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते माउसचं. पॉइंटर तुटक तुटक सरकत होता, विंडो ओढली तरी तेच. डिस्प्ले सेटिंगमध्ये बघितलं तर रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) ३० हर्ट्झ, आणि ६० चा ऑप्शनच नाही. त्याला फोन केला तर म्हणे केबल बदला. बदलली, काही फरक नाही. ४के ६० हर्ट्झवर चालायला एचडीएमआय (मॉनिटर जोडायचं कनेक्शन) २.० लागतं, जुन्या १.४ वर ४के ३० च्या पुढे जात नाही, आणि खऱ्या १०५० टीआयमध्ये २.० असतंच. मग हे कार्ड कसलं?

तेव्हा यूट्यूबवर सेकंदाला ६० फ्रेमचा ४के व्हिडिओ लावला आणि अक्षरशः स्लाइड शो सुरू झाला, सीपीयू १०० टक्के, पंखा किंचाळतोय. यावर त्याचं उत्तर, तुमचं नेट स्लो आहे. हे उत्तर सगळेच विकणारे देतात म्हणून नीट सांगते. व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. नेट स्लो असेल तर बफर हेल्थ (आधीच येऊन साठलेला व्हिडिओ) शून्याकडे जातं आणि गोल फिरायला लागतं. माझ्याकडे बफर भरलेलं होतं आणि ड्रॉप्ड फ्रेमचा (न दाखवता सुटलेल्या फ्रेमचा) आकडा मात्र सारखा वाढत होता. म्हणजे डेटा येतोय, मशीनला तो उलगडता येत नाहीये. यूट्यूब ४के व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून छोटा करायच्या पद्धतीत) पाठवतं, आणि ते उलगडायचं काम कार्डने केलं नाही तर सगळा भार सीपीयूवर येतो. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली (म्हणजे ग्राफिक्स कार्डखाली) व्हिडिओ डीकोडचा ग्राफ असतो, माझा सपाट शून्यावर. (एव्ही१ खऱ्या १०५० टीआयलाही जमत नाही, या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ते २०२० च्या आरटीएक्स ३० सिरीजपासून दिलं, त्यामुळे कोडेकच्या ओळीत व्हीपी९ आहे याची खात्री करूनच भांडा.)

शेवटी जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. कार्डच्या नावाआधी चौकटी कंसात फेक असं लिहून आलं आणि आतली चिप निघाली जीके१०६, म्हणजे २०१२ ची. कार्डचा बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नवीन मॉडेलचं नाव चढवलं होतं. कॅबिनेटच्या मागे वाकून बघितलं तर कार्डला निळा व्हीजीए पोर्ट, जुन्या मॉनिटरचा, अ‍ॅनालॉग सिग्नलवर चालणारा! १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, तिथे तो पोर्ट असायचं कारणच काय. हे एकच बघितलं तरी लगेच शंका यायला हवी, त्याला टूल लागत नाही की नेट लागत नाही.

आणि तो डेमो व्हिडिओ त्याच मशीनवर राहिला होता. प्रॉपर्टीजमध्ये १९२० बाय १०८०, २४ फ्रेम. ४केमध्ये जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात, यात जेमतेम २१ लाख, म्हणजे एकाचे ताणून चार केलेले. क्लिपही मुद्दाम निवडलेली, कॅमेरा हलत नाही, बारीक तपशील नाही, २४ फ्रेम असल्याने ३० हर्ट्झवरही अडखळल्यासारखं वाटत नाही. वर मॉनिटर व्हिव्हिड मोडला आणि शार्पनेस फुल. मला याचा सगळ्यात जास्त राग आला, कारण हे अनवधानाने होत नाही, बसून ठरवून केलेलं आहे.

त्यामुळे क्लिप तुमची तुम्ही पेनड्राइव्हवर न्या. गवत, केस, लाटा, गर्दीवरून फिरणारा कॅमेरा, खाली सरकणारी अक्षरं, असं काहीतरी, ६० फ्रेमचं, शक्यतो व्हीपी९ मधलं. पिक्चर मोड स्टँडर्ड करा आणि स्क्रीनच्या जवळ बसून बघा, लांबून १०८०पी पण ४के वाटतं.

तो बिलावर नुसतं ४ जीबी ग्राफिक्स कार्ड लिहून देत होता, मी मॉडेलचं पूर्ण नाव लिहायला लावलं होतं. आधी म्हणाला बघताना तर ठीक होतं ना, पण बिल आणि जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट समोर ठेवल्यावर गप्प बसला आणि कार्डाचे पैसे परत दिले. कार्ड त्याने ठेवून घेतलं, फेकून देणार नाही हे नक्की, पुन्हा कोणाच्या तरी मशीनमध्ये बसेल. माझ्याकडे त्याचे पुढून मागून फोटो आहेत, कोणाला १०५० टीआयबद्दल शंका असेल तर सांगा, पाठवते.